गायकवाड मॅडमचं ऊन

"म्हणजे काय?"

गायकवाड मॅडम कशा होत्या असं कुणी विचारलं तर मी या दोन शब्दांपासून सुरुवात करतो. भाजीवाला म्हणाला, "ताई, माल एक नंबर," की मॅडम विचारणार, "म्हणजे काय?" बँकेतली मुलगी म्हणाली, "सिस्टीम डाऊन आहे," की "म्हणजे काय?" डॉक्टर म्हणाले, "व्हायरलसारखं वाटतंय," तर चष्मा नाकावर खाली ओढून, "सारखं म्हणजे काय?" बाई भांडकुदळ आहे असं सुरुवातीला मलाही वाटायचं. पण त्या भांडत नव्हत्या, त्यांना खरोखर उत्तर हवं असायचं. आणि मी पडलो वकील. समोरच्याला सरळ उत्तर मिळालं तर आमची चूल बंद पडेल. तरीही आमचं बरं जमलं, याचं मला आजही नवल वाटतं.

बेलापूरला आमची चार रो-हाऊसची ओळ आहे. खांद्याला खांदा लावून उभी घरं, दोन घरांत मिळून एकच भिंत. कोपऱ्यात गायकवाड मॅडम. त्यांना लागून झुलेखाभाबी आणि इक्बालभाई. मग मी. शेवटी नाईकशेठ, इथलेच जुने आगरी, आमच्या असोसिएशनचे कायमचे अध्यक्ष. कायमचे एवढ्यासाठी की दुसरं कोणी व्हायला तयार नाही.

मॅडम मूळच्या हिंगोलीकडच्या. बेलापूरलाच एका सरकारी कार्यालयात अनुवादक होत्या. इंग्रजीत आलेलं परिपत्रक मराठीत आणायचं, हे काम आयुष्यभर केलं. यजमान लवकर गेले, मुलगा अमोल शिकून पुण्याला स्थायिक झाला. मॅडम निवृत्त झाल्या, पण हातातलं पेन काही सुटलं नाही. एकदा नाईकशेठनी फळ्यावर लिहिलं, "सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की उद्या पाणीपुरवठा खंडित करण्यात येत असून याची नोंद घेण्यात यावी." मॅडमनी ते अख्खं पुसलं आणि लिहिलं, "उद्या पाणी नाही. आज भरून ठेवा." नाईकशेठ चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी खडू घेऊन त्यांच्याच दारात उभे. "मॅडम, आता तुमीच लिवा. माज्या सूचना कोनी वाचत नाय."

असा सोपा शब्द शोधून काढणाऱ्या बाईनं आयुष्यात एकदाच अवघड शब्द लिहिला, आणि तिथेच सगळं अडलं. सांगायचंय ते हेच.

आमच्या नैर्ऋत्येला एक टॉवर उभा राहिला. तो उभा राहत असताना आम्ही काही बोललो नाही. बोलून काय होणार होतं? हल्ली विमानतळ, मेट्रो, टॉवर, सगळं आमच्याभोवती वाढत राहतं आणि आपण फक्त धूळ पुसत राहायची. टॉवर पूर्ण झाला तेव्हा कळलं की जेवणाच्या वेळेपासून आमच्या तीन घरांवर त्याची सावली पडते. कोपऱ्यातलं मॅडमचं घर तेवढं सुटलं. त्यांच्या गच्चीवर सूर्य मावळेपर्यंत ऊन.

भाबींची सुकट, बोंबील, पापड, सगळं मग मॅडमच्या गच्चीवर जाऊ लागलं. मधल्या कठड्यावरून भाबी परडी द्यायच्या, मॅडम घ्यायच्या. वास माझ्या बेडरूमपर्यंत यायचा. मी तक्रार केली तर मॅडम म्हणाल्या, "वकील, तुम्हाला वाटा नको असेल तेव्हा तक्रार करा." वाटा मला हवा होता, म्हणून मी गप्प बसलो.

निवृत्त झाल्यावर मॅडमनी त्याच गच्चीवर सोलर पॅनेल बसवली होती. रोज दुपारी ओला पंचा घेऊन वर जायच्या आणि लेकराचं तोंड पुसावं तशी पॅनेल पुसायच्या. एकट्या बाईला वीज लागते किती? एक पंखा, एक फ्रिज, संध्याकाळी थोडा टीव्ही. उरलेली वीज कंपनीच्या तारेत जायची आणि वर्षाअखेर तिचं काहीतरी किरकोळ जमा व्हायचं. आणि भिंतीपलीकडे इक्बालभाईंचं ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असायचं.

इक्बालभाईंनी उमेदीची वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. छाती तिथेच गेली. मशीन बंद करता येत नाही, आणि मशीन चालू म्हणजे बिल चालू. आखातातला मुलगा फोनवर सारखा म्हणायचा, "अब्बा, हे घर विका, गावाला जा, खर्च कमी होईल." गाव श्रीवर्धनकडे. तिथे जरा वारा सुटला की लाईट जाते. लाईट गेली की मशीन बंद. इक्बालभाई हे बोलून दाखवत नसत, पण भाबी बोलायच्या. "गावाला जानं म्हंजे यांना मरायला नेनं, गो मॅडम."

मॅडमनी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी कठड्यावरून एक वायर पलीकडे टाकली. दिवसभर इक्बालभाईंचं मशीन मॅडमच्या विजेवर. विषय संपला, असं दोन्ही घरांना वाटलं.

मग मीटर वाचायला येणाऱ्या माणसानं ती वायर पाहिली. मी तेव्हा फाटकाशीच होतो.

"मॅडम, हे चालत नाही."

"म्हणजे काय? मी यांना वाटीभर साखर दिली तर चालते ना?"

"साखरेला मीटर नसतो मॅडम." माणूस वाईट नव्हता. घाम पुसत म्हणाला, "आज काढून टाका. मी बघितलं नाही असं समजतो. पण उद्या दुसरा कोणी आला तर दोन्ही कनेक्शन कापून जाईल."

कनेक्शन कापलं तर काय होईल हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. मॅडमनी स्वतः वर जाऊन वायर गुंडाळली. खाली आल्या तेव्हा एकदम म्हाताऱ्या दिसल्या. म्हणाल्या, "थकायला होतं हो वकील. चांगलं काम करायचं तरी आधी ते गुन्हा आहे का, हे बघायचं."

रविवारी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. हातात स्वतःची खुर्ची. माझ्या खुर्च्यांवर कायम फायली असतात, हे त्यांना माहीत होतं.

"वीज शेजाऱ्याला द्यायची आहे. कायद्यात कुठे बसतं ते सांगा."

"बसत नाही."

"म्हणजे काय?"

झालं! मी चहा बाजूला ठेवला. "तुमचं कनेक्शन तुमच्या घरापुरतं. त्याची वायर दुसऱ्याच्या घरात गेली की तो अनधिकृत वापर. फुकट दिली तरी. आणि विकायची म्हणाल तर परवाना लागतो, तो तुम्हाआम्हाला मिळत नाही."

"मधल्या भिंतीला दार पाडलं तर? एकच घर झालं ना."

"दोन घरांचे दोन करारनामे आहेत. ते एकत्र करायची परवानगी मागायला गेलात तर ती मिळेपर्यंत इक्बालभाईच काय, आपणही राहणार नाही."

"भाबींनी स्वतःची पॅनेल लावली तर?"

"लावा की. ऊन कुठून आणणार?"

मला त्यांची दया आली, म्हणून मी बोलायला नको ते बोलून गेलो. "एक रस्ता आहे. व्हर्च्युअल नेट मीटरिंग."

"म्हणजे काय?"

"पॅनेल तुमच्या गच्चीवर, आहेत त्यात थोडी वाढवायची. त्यांना वेगळा मीटर. सगळी वीज कंपनीच्या तारेत. कंपनी ती मोजणार, आणि तुम्ही दोघींनी जो वाटा लिहून दिला असेल त्याप्रमाणे तुमच्या आणि भाबींच्या बिलातून युनिट वजा करणार. मधे वायर नाही."

"म्हणजे वीज भाबींकडे जातच नाही?"

"नाही. आकडा जातो."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "मग चोरीही नाही आणि उपकारही नाही. हे बरं आहे."

"नियम आहे," मी म्हणालो, "पण आपल्या इथल्या ऑफिसात अजून कुणी केलेलं माझ्या ऐकण्यात नाही. शिवाय असोसिएशनचा ठराव लागेल, भाबींची सही लागेल. चपला झिजतील."

"त्या झिजलेल्याच आहेत," म्हणून मॅडमनी खुर्ची उचलली आणि गेल्या.

सभा नाईकशेठच्या पोर्चमध्ये झाली. मॅडमनी प्रस्ताव मराठीत लिहून आणला होता आणि उभं राहून, शाळेत धडा वाचावा तसा वाचला. सगळं सोपं होतं. फक्त मथळा होता, "आभासी सौर मीटर".

नाईकशेठनी हात वर केला. "आवो मॅडम, आभासी म्हनजे? भास व्हतो तशी वीज? मंग बिल पन भासाचंच येल का?"

मला हसू आवरेना. नाईकशेठच्या बायकोला पदर तोंडाला लावावा लागला. भाबी मात्र हसल्या नाहीत. इक्बालभाई नाकातल्या नळीसह खुर्चीत बसले होते, सुटं सिलिंडर शेजारी. दम घेत घेत त्यांनी विचारलं, "मॅडम, जो नाय... पन हाय असा वाटतो... तो आभासी ना?"

कुणी दुसरं असतं तर वेळ मारून नेली असती. "तसं नाही हो, तो आपला टेक्निकल शब्द आहे," असं काहीतरी. मी तर हमखास म्हणालो असतो. पण शब्दाचा अर्थ विचारल्यावर मॅडमना खोटं बोलता येत नसे.

"हो," त्या म्हणाल्या. "शब्दाचा अर्थ तोच."

इक्बालभाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

भाबी संध्याकाळी मॅडमच्या दारात आल्या. मी ओट्यावरच होतो, त्यामुळे ऐकलं. "रागावू नको गो मॅडम. पन आमच्या नावावर नकली मीटर नको. उद्या कोन दारात आला तं तुमी विचारशीला, 'म्हंजे काय?' आनि तो तुमाला सांगत बसंल. आमाला विचारू पन देनार नाय गो. यांना तसाच उचलून नेतील. मशीनसकट."

मॅडमनी समजूत घातली नाही, कायदा सांगितला नाही. भाबी बोलत होत्या ते त्यांना खोटं म्हणता येईना. भाबी गेल्यावर त्यांनी दार लावलं, आणि नंतर बरेच दिवस त्या गच्चीवरही दिसल्या नाहीत. पॅनेलवर धूळ बसत गेली. मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिकडे मुलानं आखातातून एजंट लावला होता. तो एक दिवस टेप घेऊन घर मोजायला आला. भाबींनी मॅडमना सोबतीला बोलावलं, मला कागद बघायला. एजंटनं मॅडमच्या बाजूच्या भिंतीवर ओल पाहिली आणि विचारलं, "आंटी, ये दीवार किसका है? तुमचा की त्यांचा?"

"सामाईक हाय," भाबी म्हणाल्या. "कागदावर पन तसंच हाय. आमची पन आनि मॅडमची पन."

एजंटनं मान डोलावली आणि टेप पुढे सरकवली. मॅडमच्या हातातला चहाचा कप मात्र तसाच राहिला. चहावर साय धरली तरी त्यांना पत्ता नाही.

एजंट गेल्यावर त्या माझ्याबरोबर बाहेर आल्या आणि माझ्या फाटकाशी थांबल्या.

"वकील, हा शब्द मला पहिल्याच दिवशी सुचला होता. सामाईक. मीच टाकून दिला."

"का? चांगला शब्द आहे की. सातबाऱ्यावरसुद्धा असतो."

"तिथेच असतो ना. आमच्या गावच्या विहिरीलाही कागदावर सामाईक विहीरच म्हणायचे. आई घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली की ते वरून ओतायचे. मी ओंजळ धरायची, अर्धं पाणी कोपरावरून खाली." मॅडम हे अगदी कोरड्या आवाजात सांगत होत्या. "अख्खी नोकरी केली, हा शब्द कधी लिहिला नाही. सार्वजनिक लिहिलं, संयुक्त लिहिलं, सामुदायिक लिहिलं. साहेब विचारायचे, एवढा सोपा शब्द आहे, तो का नाही? मी म्हणायची, बसत नाही."

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय! भाबींना तोच कळतो."

दुसरा प्रस्ताव त्यांनी त्याच दुपारी लिहिला. "कोपऱ्याच्या घराच्या गच्चीवरची सौर वीज दोन्ही घरांच्या बिलांत सामाईक राहील." कंपनीच्या कागदावर नाव मात्र इंग्रजीच येणार आणि त्याचा अर्थ तो आधीचाच, हेही त्यांनी भाबींना बसवून सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमायची नाही.

इक्बालभाईंनी एकच विचारलं. "सामाईक... म्हंजे भिंतीसारका?"

"भिंतीसारखाच."

"मंग ठीक हाय," म्हणून त्यांनी सही केली. सही करतानाही मधे दोनदा दम खाल्ला. नाईकशेठनी ठरावावर शिक्का मारला आणि म्हणाले, "पयलंच आसं बोलला आसता तं माजा चा-बिस्किटांचा एक खर्च वाचला आसता."

त्यानंतर ऑफिसच्या फेऱ्या. त्या मी सविस्तर सांगत नाही. ज्यांनी मारल्या आहेत त्यांना ठाऊक आहेत आणि ज्यांनी मारल्या नाहीत त्यांना खऱ्या वाटणार नाहीत. एका खिडकीवर म्हणाले, असा अर्जच नसतो. दुसरीकडे म्हणाले, असतो, पण ज्या साहेबांना माहीत होतं त्यांची बदली झाली. मॅडम बसून राहायच्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. कधी कधी मी कोर्टातून सुटल्यावर तिकडे डोकावायचो, तर त्या बसल्या बसल्या पेंगत असायच्या. घरी चला म्हटलं की म्हणायच्या, "साहेब जेवायला गेलेत. जेवून येतीलच ना कधीतरी."

शेवटी एका टेबलावरच्या क्लार्कनं अर्ज उघडला. वाचला, पुन्हा वाचला. "दोन वेगळे ग्राहक. आडनावं पण वेगळी. मॅडम, यांचं तुमचं नातं काय?"

"शेजार."

"तसं नातं नसतं मॅडम."

"म्हणजे काय?"

क्लार्कनं चष्मा काढला. तोही दिवसभराचा शिणलेला होता. "म्हणजे काय, ते मलापण माहीत नाही मॅडम. मी हे पहिल्यांदाच करतोय."

आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं असावं. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "मग दोघं मिळून करू," म्हणाल्या. आणि खरंच, तो माणूस शेवटपर्यंत धरून राहिला. वाढीव पॅनेल लागली, नवा मीटर बसला. दरम्यान एजंटनं दोन गिऱ्हाइकं आणली आणि भाबींनी दोन्ही वेळा काहीतरी कारण काढून दार लावून घेतलं.

पहिलं बिल आलं तेव्हा आम्ही सगळे भाबींच्या हॉलमध्ये जमलो होतो. नाईकशेठ उगाचच पेढे घेऊन आले होते. इक्बालभाईंनी बिल उलटंसुलटं पाहिलं, वजा झालेल्या युनिटांवर बोट ठेवलं, आणि तिथलं इंग्रजी अक्षर अक्षर लावत म्हणाले, "मॅडम... हा व्हर्च्युअल... म्हंजे काय?"

आम्ही हसलो. मॅडमचाच प्रश्न कुणीतरी मॅडमना विचारत होतं! त्यांनाही हसू आलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे सामाईक." अडखळल्या नाहीत.

त्या रात्री भाबींनी मुलाला फोन करून सांगितलं की घर विकायचं नाही.

मॅडम पुढच्या हिवाळ्यात गेल्या. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. अमोल आला, सगळं केलं, कनेक्शन आपल्या नावावर करून घेतलं. जाताना मला म्हणाला, "काका, ते सामाईक आहे ते मोडायचं नाही ना? आईनं बजावून ठेवलंय." मोडायचं नाही, मी म्हणालो. मशीन अजून चालू आहे. माझ्या बेडरूममध्ये त्याची घरघर येते आणि बोंबलाचा वासही येतो. आता मी तक्रार करत नाही.

मला मॅडम आठवतात त्या मात्र त्या बिलानंतरच्या एका सकाळच्या. त्यांची टाकी कोरडी होती आणि पॅनेल धुवायची होती. मी माझ्या गच्चीवर दात घासत उभा. भाबींनी आपल्या टाकीचा नळ सोडला आणि पाइपचं टोक कठड्यावरून पुढे केलं. "घेवा मॅडम, आज पानी आमचा."

मॅडमनी पाइप हातात घेतला. पॅनेलवर सोडायच्या आधी क्षणभर थांबल्या, आणि मग ओंजळ न धरता पाइप सरळ तोंडाला लावून पाणी प्यायल्या. पोटभर प्यायल्या.

"आगो, टाकीचा हाय तो!" भाबी ओरडल्या. "फिल्टरचा नाय!"

"असू दे," पदरानं तोंड पुसत मॅडम म्हणाल्या. "गोड आहे."